बीटा ब्लॉकरची गोळी बंद करताना होणारा त्रास : मात्रा किती सावकाश कमी करावी?

पाऊलवाट :

नमस्कार. माझे वय ४७ आहे. चार वर्षांपूर्वी छातीत अचानक धडधड सुरू होण्याचा त्रास वाढला, तेव्हा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चोवीस तास ठोक्यांची सतत नोंद ठेवणारे होल्टर अशा तपासण्या झाल्या. हृदयाची रचना व पंपिंग चांगले आहे, मात्र मधूनमधून जादा ठोके पडतात, असे निदान झाले. रक्तदाबही थोडा वाढलेला होता, म्हणून मेटोप्रोलॉल सक्सिनेट या बीटा ब्लॉकर औषधाची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी एक याप्रमाणे सुरू झाली आणि खरोखरच पुष्कळ आराम पडला. गेल्या वर्षभरात मात्र विश्रांतीच्या वेळची नाडी ५० च्या आसपास राहू लागली, दोन जिने चढले की पाय जड होऊ लागले आणि दिवसभर थकल्यासारखे वाटू लागले. वजन कमी झाल्यामुळे रक्तदाबही आटोक्यात होता. हे सर्व पाहून डॉक्टरांनी ही गोळी आता नको, असे सांगितले. चिठ्ठीवर त्या औषधापुढे 'बंद' एवढेच लिहिलेले होते. ते हळूहळू बंद करायचे की एकदम, हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी घेतली नाही.

पहिले दोन दिवस अगदी चांगले गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप बशीवर ठेवताना तो बशीवर खडखडू लागला, तेव्हा हात थरथरतो आहे हे माझ्या लक्षात आले. रात्री डाव्या कुशीवर झोपले असता प्रत्येक ठोका उशीतून कानावर आदळत होता. तळहातांना घाम सुटला, मनात कारण नसताना भीती दाटली. स्वस्थ बसून मोजलेली नाडी १०४ आणि रक्तदाब १५८/९६ भरला. सकाळी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी त्याच दिवसापासून २५ मिलिग्रॅम पुन्हा सुरू करण्यास सांगितले आणि दोन दिवसांत सगळे शांत झाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचे आहे.

त्याआधी मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा त्रास म्हणजे जुना आजार परत आला असे समजायचे का? मला या औषधाची सवय लागली आहे का? मात्रा कमी करताना थोडीफार धडधड होणारच असेल, तर सहन करण्याजोगी कोणती आणि डॉक्टरांकडे धाव घ्यावी अशी कोणती, हे कसे ओळखायचे? आणि सर्वांत अवघड जातात त्या रात्री कशा काढायच्या? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निळाई :

आपण लिहिलेला तो उशीतून ऐकू येणारा ठोका मी पुरेपूर ओळखते, म्हणून लगेच लिहिते आहे. मला हृदयाचा आजार नाही. अर्धशिशीसाठी सहा वर्षे प्रोप्रॅनोलॉल हा दुसरा बीटा ब्लॉकर ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा चालू होते. डोकेदुखीचे झटके जवळजवळ थांबले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ते कमी करायला घेतले आणि सुरुवातीलाच एक कागद हातात दिला : ८० वरून ६०, मग ४०, मग २०, मग १० आणि शेवटी बंद. प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची, आणि एखादी पायरी जड गेली तर पुढे न जाता आहे तिथेच थांबून त्यांना कळवायचे. हे वेळापत्रक माझ्यासाठी होते. आपले औषध, मात्रा आणि कारण वेगळे असल्याने ते जसेच्या तसे उचलू नका. कागदावर लिहून घेण्याची पद्धत मात्र जरूर उचला, कारण थकलेल्या आणि घाबरलेल्या मनाला तोंडी सूचना आठवत नाहीत.

माझा अनुभव असा की प्रत्येक वेळी मात्रा कमी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडधड व अस्वस्थता वाढायची, चार-पाच दिवस टिकायची आणि मग ओसरायची. हा क्रम दोनदा अनुभवल्यावर तिसऱ्या वेळी भीती निम्मी झाली, कारण काय येणार आणि कधी जाणार हे ठाऊक झाले होते. शेवटच्या दोन पायऱ्या सर्वांत जड गेल्या. २० वर आल्यावर मला वाटले होते की आता काय, नाममात्र उरले आहे. पण ८० वरून ६० म्हणजे पाव भाग कमी होतो आणि २० वरून १० म्हणजे एकदम निम्मा, हा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता. १० वर मी दोनाऐवजी चार आठवडे राहिले आणि त्याचे मला आजही समाधान आहे.

रात्रींबद्दल लिहिते. मनगटावरचे नाडी दाखवणारे घड्याळ मी झोपताना काढून दुसऱ्या खोलीत ठेवू लागले आणि याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तोवर मी रात्रीतून वीस-वीस वेळा आकडा पाहत असे. आकडा ९२ दिसला की घाबरायची आणि घाबरल्यामुळे तो १०० व्हायचा. डॉक्टरांनी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढेच मोजायला सांगितले. उजव्या कुशीवर झोपल्यावर ठोके कमी जाणवतात. श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तो सोडायला घ्यायचा, असे दहा मिनिटे केले की नाडी खाली येताना जाणवते. दुपारनंतरचा चहा-कॉफी मी त्या अडीच-तीन महिन्यांत पूर्ण बंद ठेवली. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या चिडचिडीचे कारण माहीत असल्यामुळे त्या दिवसांत घरात कोणी मला दुखावणारे बोलले नाही, हा फार मोठा आधार होता.

औषधगुण :

मी औषधशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही, त्यामुळे आपल्या मात्रेबद्दल निर्णय सांगण्याचा मला अधिकार नाही. पण शरीरात काय घडते हे सांगितले तर आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बहुतांशी मिळेल.

ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये हृदयाच्या पेशींवरील बीटा ग्राहींना (रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा) चिकटतात, तेव्हा ठोके जलद आणि जोरकस होतात. बीटा ब्लॉकर त्या ग्राहींवर आधीच जाऊन बसतो आणि हा निरोप अडवतो. महिनोन्महिने निरोप पोहोचला नाही की पेशी तो ऐकण्याची आपली क्षमता वाढवते, म्हणजे जास्त ग्राही तयार करते. गोळी चालू आहे तोवर याचा पत्ता लागत नाही. गोळी एकदम थांबवली की औषध एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जाते, पण वाढलेले ग्राही पूर्ववत व्हायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडे लागतात. मधल्या काळात नेहमीएवढेच ॲड्रेनॅलिन असूनही हृदय त्याला दुप्पट हाक दिल्यासारखे ओ देते. आपल्याला तिसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला, तो नेमका या फटीत. मेटोप्रोलॉलची रक्तातील पातळी तीन ते सात तासांत निम्मी होते. सक्सिनेट प्रकारात औषध दिवसभर थोडेथोडे सुटत राहते, म्हणून पहिले दोन दिवस आपल्याला चांगले वाटले.

म्हणजे हा जुना आजार परत आला असे लगेच समजू नये. मूळचे जादा ठोके परत आले आहेत की नाही, हे औषध पूर्ण सुटून काही आठवडे उलटल्यावरच कळते. व्यसन या अर्थाने सवयही यात नाही. व्यसनात औषधाची ओढ लागते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. इथे तसे काही होत नाही, शरीराने त्या औषधाच्या सोबतीने स्वतःची घडी बसवलेली असते आणि ती नव्याने बसवायला त्याला वेळ हवा असतो. आपण कमकुवत आहात किंवा मनाचे खेळ आहेत, असे कोणी म्हणाले तर ते मुळीच मनावर घेऊ नका.

हे ज्ञान सहज मिळालेले नाही. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल विकसित केले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो इतर औषधांबरोबर या कामासाठीही. पण औषध वापरात आल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या मध्यात, अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखण्याच्या) रुग्णांनी ते अचानक थांबवल्यावर छातीतले दुखणे उसळल्याचे, काहींना हृदयविकाराचा झटका आल्याचे आणि काही दगावल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. त्यानंतर या औषधांच्या माहितीपत्रकांत ठळक इशारा आला : एकदम थांबवू नये, मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि त्या काळात अवजड श्रम टाळावेत. मेटोप्रोलॉलसाठी हा काळ किमान एक ते दोन आठवडे सांगितलेला आहे, प्रोप्रॅनोलॉलसाठी काही आठवडे. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांना डॉक्टर पुष्कळदा याहून जास्त वेळ देतात आणि माझ्या मते ते योग्य आहे, कारण उशीर केल्याने बिघडत नाही आणि घाई केल्याने बिघडू शकते.

आता सहन करायचे काय आणि धावायचे कधी. मात्रा कमी केल्यानंतरच्या आठवड्यात येणारी व जाणारी धडधड, हलकी थरथर, घाम, डोकेदुखी, तुटक झोप, नाडी पूर्वीपेक्षा दहा-पंधराने वाढणे, हे अपेक्षित आहे. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी ६० ते १०० असते, त्यामुळे ५० ची सवय झालेल्या आपल्याला ७८ सुद्धा धावल्यासारखे वाटेल, हे लक्षात ठेवा. परंतु छातीत दाब किंवा कळ, ती जबड्यात वा हातात जाणे, स्वस्थ असताना लागणारी धाप, भोवळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणे, निवांत बसूनही नाडी १२० च्या वर टिकून राहणे, किंवा रक्तदाब १८०/१२० च्या वर जाणे, यांतील काहीही झाले तर फोनवर सल्ला घेत बसू नये, तातडीच्या विभागात जावे आणि तिथे सर्वांत आधी 'मी बीटा ब्लॉकर कमी करते आहे' हे सांगावे. ते वाक्य सांगायचे राहून गेले, तर डॉक्टरांना कारण शोधायला अकारण वेळ लागतो.

भेटीच्या वेळी आणखी काही विचारून घ्या. थायरॉइडची तपासणी झालेली आहे का? थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असली तर बीटा ब्लॉकर त्याची धडधड व थरथर झाकून ठेवतो, आणि अशा माणसाने गोळी अचानक सोडली तर प्रकृती गंभीर होऊ शकते. मधुमेहासाठी औषधे चालू असल्यास तेही सांगा, कारण साखर उतरल्याची धडधडीची खूण इतके दिवस दबलेली होती आणि ती आता जाणवू लागेल. क्लोनिडिन हे रक्तदाबाचे औषध चालू असेल तर आधी बीटा ब्लॉकर हळूहळू थांबवावा लागतो आणि त्यानंतरच काही दिवसांनी क्लोनिडिन कमी करता येते. हा क्रम उलटा झाल्यास रक्तदाब झपाट्याने चढतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन असते त्या या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण ती औषधे ज्या यंत्रणेला चेतवतात तीच सध्या हळवी झालेली आहे.

गोळी अर्धी करण्याबद्दल एक महत्त्वाचे. सक्सिनेटच्या ज्या गोळीवर मधोमध रेघ आहे आणि माहितीपत्रकात परवानगी आहे, ती रेघेवर तोडता येते, पण चुरडून किंवा चावून घेता येत नाही, कारण मग दिवसभराचे औषध एकदम सुटते. टार्ट्रेट आणि सक्सिनेट हे दोन वेगळे प्रकार आहेत. टार्ट्रेट लवकर उतरते आणि साधारणपणे दिवसातून दोनदा घ्यावे लागते. कमी ताकदीची पाकिटे नव्याने घेताना नावाचा हा दुसरा शब्द दरवेळी वाचा.

उंबरठा :

औषधगुण यांनी शेवटी लिहिले ते आमच्याकडे प्रत्यक्ष घडले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. वडिलांची मात्रा कमी होत असताना २५ च्या सक्सिनेटऐवजी २५ चे टार्ट्रेट दिले गेले आणि ते दिवसातून एकदाच घेतले जात होते. सकाळी ठीक, रात्री अकराला धडधड, असा आठवडा गेला. पाकीट नि चिठ्ठी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक कळला. आम्हाला वाटत होते की मात्रा कमी करणे त्यांना झेपत नाही.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वडिलांना तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता, आता पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर जाते ते प्रमाण) ५५ टक्के आहे. अशा लोकांना बीटा ब्लॉकरची गरज नसते असे त्यांनी कुठेतरी वाचले आणि ते स्वतःच गोळी सोडण्याच्या गोष्टी करतात. त्यांना काय सांगावे?

औषधगुण :

त्यांनी वाचले त्यात तथ्य आहे, पण तो प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि स्वतः गोळी सोडण्याचा आधार त्यात नक्कीच नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिड्यूस-एएमआय या चाचणीत, झटक्यानंतर पंपिंग ५० टक्के किंवा अधिक असलेल्या सुमारे ५,००० रुग्णांत, बीटा ब्लॉकर सुरू केल्याने मृत्यू किंवा नवा झटका कमी झाल्याचे दिसले नाही. पण तो प्रश्न औषध सुरू करावे की नाही असा होता. आपल्या वडिलांचा प्रश्न चालू औषध थांबवावे का, असा आहे आणि त्यावर त्याच वर्षी फ्रान्समधील एबिस चाचणी आली. सुमारे ३,७०० रुग्णांपैकी ज्यांनी औषध थांबवले त्यांच्यात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगासाठी दाखल होणे यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण २३.८ टक्के होते आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यात २१.१ टक्के. थांबवणे तितकेच सुरक्षित आहे असे सिद्ध होऊ शकले नाही. थांबवणाऱ्यांचा रक्तदाब व नाडी वाढली, आणि त्यांना अधिक बरे वाटू लागले असेही आढळले नाही. पुढच्या वर्षी आलेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत.

ज्यांचे पंपिंग कमी झालेले आहे, त्यांची गोष्ट तर अगदीच निराळी. हृदय दुबळे झालेल्यांचे आयुष्य बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट वाढवतात, हे पक्के सिद्ध झालेले आहे. वडिलांना एवढेच सांगा की बंद करायची इच्छा रास्त आहे, ती त्यांनी डॉक्टरांपुढे उघडपणे मांडावी, कारण गुपचूप सोडलेल्या गोळीचा त्रास झाला तर तो नेमका घरच्यांना ओळखता येत नाही.

पाऊलवाट :

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवडे उलटले आहेत, म्हणून काय झाले ते लिहिते.

भेटीच्या वेळी मी आपले मुद्दे वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नीट न लिहिल्याचे मान्य केले आणि शांतपणे सर्व आखून दिले : २५ मिलिग्रॅम तीन आठवडे, साडेबारा तीन आठवडे, मग बंद. थायरॉइड तपासले, ते व्यवस्थित आहे. रेघेवर गोळी बोटांनी तोडताना पहिल्यांदा तिचे लहानमोठे तुकडे पडले, म्हणून गोळ्या तोडायची छोटी डबी आणली. नाडी नि रक्तदाब सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या पातळीवर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि मध्ये अजिबात मोजायचे नाही, हे ठरवले. निळाई यांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत जाते.

साडेबारावर आल्यावर तिसऱ्या रात्री ठोके पुन्हा उशीत ऐकू आले. नाडी ८८ होती. या वेळी कारण माहीत होते, त्यामुळे कूस बदलून श्वास मोजत राहिले आणि केव्हातरी झोप लागली. सहाव्या दिवशी वहीत ७६ लिहिले, त्यानंतर ती ७२ ते ७८ यांच्यामध्ये राहिली. जिना चढताना पाय आता पूर्वीसारखे जड होत नाहीत, हे माझ्या आधी मुलीच्या लक्षात आले.

शेवटची अर्धी गोळी घेऊन आज आठ दिवस झाले. जादा ठोके अधूनमधून जाणवतात, दिवसातून दोन-तीनदा, आणि ते मी वेळेसह लिहून ठेवते आहे. महिन्याभराने पुन्हा होल्टर करायचे ठरले आहे. रक्तदाब १३४/८४ च्या आसपास आहे आणि तो याहून वर राहू लागला, तर दुसऱ्या गटातले औषध देऊ असे डॉक्टर म्हणाले आहेत. उंबरठा, आपले वडील डॉक्टरांशी बोलले का, ते कृपया कळवा.

उंबरठा :

बोलले. गोळी चालू राहणार आहे, फक्त मात्रा निम्मी करून सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचे ठरले. त्यांचा मुख्य त्रास थकव्याचा होता, तो त्यांनी तीन वर्षांत डॉक्टरांना एकदाही सांगितला नव्हता. पाकिटावर 'सक्सिनेट' हा शब्द मी लाल शाईने अधोरेखित करून ठेवला आहे.